बोलता येईल इतकंच चालायचं

हिरावहिनी गेल्या त्या सकाळी त्यांच्याबरोबर राहनाळच्या चार-पाच बायका होत्या. खाडीच्या बांधावरून रोजच्यासारख्या चालत निघाल्या होत्या. बांध जिथे वळतो तिथे भेंडीचं एक जुनं झाड आहे, भाजीच्या नव्हे, खाडीकाठच्या भेंडीचं. त्याच्या बुंध्याशी वहिनी बसल्या, पाठ टेकली आणि बाकीच्यांना हातानंच खूण केली, व्हा पुढं. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दम लागायच्या आधी बसायचं ही त्यांची सवय साऱ्या गावाला माहीत होती, कित्येकींना ती त्यांनीच लावली होती. बायका टोकापर्यंत जाऊन परत आल्या तेव्हाही वहिनी तशाच बसलेल्या होत्या... एकीनं हाक मारली, दुसरीनं खांद्याला हात लावला, आणि मग बांधावर आरडाओरडा झाला.

मी त्या वेळी काल्हेरला गोदामात होतो. मोबाइलवर दादाचं नाव दिसलं. माझा मोठा भाऊ सकाळचा कधी फोन करत नाही. "रघ्या," तो म्हणाला, "ये." आमच्या घरात पुरुषांची बोलायची पद्धतच ही. एका शब्दात काम उरकायचं, आणि जे एका शब्दात मावत नाही ते बोलायचंच नाही. घरातलं बाकी सगळं बोलणं वहिनी बोलायच्या. त्यांना जाऊन आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत लोकांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं, आणि ते सगळं खरं आहे. पण एक गोष्ट सात-आठ वर्षं आमच्या घरात खोटी सांगितली जात होती. ती खरी कशी होती हे मला ठाऊक होतं. मला लिहायची सवय नाही, आणि बोलायची तर त्याहून नाही. तरी लिहितो आहे.

वहिनींचं माहेर गणेशपुरीच्या पलीकडचं, भातशेतीचं. लहानपणी कापणीनंतर भाताचे भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत आणायचे, मध्ये ओढा, ओढ्यानंतर चढ. राहनाळला आमच्या घरी लग्न होऊन आल्या तेव्हा आमचीही शेती होती, खाडीतली मासेमारी होती. पुढे जमिनींवर गोदामं उभी राहिली, भाडी यायला लागली, आणि घरातल्या बायकांच्या डोक्यावरचं ओझं गेलं. गेलं ते अंगावर येऊन बसलं. चाळिशी उलटल्यावर वहिनींना साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, चाला. दुसरी कुणी असती तर अंगणात चार फेऱ्या मारल्या असत्या. वहिनी महिन्याभरात वज्रेश्वरीच्या मागच्या डोंगरावर जाऊन आल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या, "मना वाटलं व्हतं मी म्हातारी झाले. म्हातारी कुठं, नुसती बसलेली व्हते."

त्यांना डोंगराची खरी वाट दाखवली ती इक्बालभाईंनी. इक्बालभाई दादाचा शाळेपासूनचा दोस्त, भिवंडीत त्यांचा लूमचा कारखाना. आठवडाभर खटखटाट ऐकून कान किटले की रविवारी माणसं गोळा करून माहुलीला नाहीतर आणखी कुठे निघायचे. एकदा वहिनी त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या बेगमबरोबर गेल्या, आणि मग जातच राहिल्या. एका वर्षी इक्बालभाईंच्या मंडळाचं मे महिन्यात हिमाचलात जायचं ठरलं. पाठीवर ओझं घेऊन आठवडाभर चालायचं, बर्फातली एक खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. वहिनींनी दादाला विचारलं. जेवताना विचारलं, सगळ्यांसमोर, भात वाढता वाढता. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी दादाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

दादानं नाही म्हटलं नाही. म्हणाला, "आधी हितंच चार दिवस पाठीवर वझं घेऊन चालून दाखव. नीट घरी आलीस तर मंग बघू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आन् ह्याला संगती ने."

म्हणजे मी पहारेकरी. पस्तिशी ओलांडलेला, गोदामाच्या खुर्चीत बसून पोट सुटलेला. घरात माझं नाव 'नाजूक' होतं, ते दादानंच ठेवलेलं. लहानपणी खाडीत पोहताना, पुढे गोदामात पोतं उचलताना, ज्या-त्या वेळी मी मागे पडायचो आणि दादा हसायचा. मी मनात म्हटलं, बाईमाणूस चालणार, तिथं मला काय होतंय.

रतनवाडीपासून निघायचं, रतनगड करून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, तिथून पाचनई, मग हरिश्चंद्रगड, आणि शेवटी टोलारखिंडीनं खिरेश्वरला उतरून कल्याणची एसटी धरायची, असा बेत होता. वाट दाखवायला इक्बालभाई येणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी मला सॅक घेऊन ओट्यावर बोलावलं आणि ती उपडीच केली.

"हे काय?"

"दुर्बीण."

"काय बघनार तिच्यातून?"

"लांबचं."

"आधी जवलचं बघा. पायाखालचं." दुर्बीण बाजूला. इस्त्रीचे दोन शर्ट बाजूला. "तितं काय साखरपुडा हाय?" ट्रान्झिस्टर बाजूला. प्रत्येक वस्तू हातात धरून त्या एकच विचारायच्या, ह्याचं काम काय, आणि मी उत्तराला अडखळलो की ती वस्तू घरी राहायची. मग भरायला बसल्या. अंथरूण तळाशी. तांदूळ, डाळ, पातेलं, जे जे जड ते मध्यावर आणि पाठीला अगदी चिकटून. हलकं बाहेरच्या अंगाला. प्लॅस्टिक वर, पाऊस येवो न येवो. मी चहाचा मग बाहेर लटकवला होता, तो त्यांनी काढून आत सारला. "म्हशीच्या गल्यातली घंटा हाय का ती?" मी विचारलं, जड मध्येच का, खाली का नाही. तर म्हणाल्या, "पोर कडंवर घट धरलं का हलकं लागतं, लांब धरलं का तेच पोर जड. तसंच हाय हे. वझं पाठीशी बोललं पायजे." त्यांच्या स्वतःच्या निळ्या सॅकच्या कमरपट्ट्याला त्यांनी जुन्या लुगड्याची चुंबळ शिवून घेतली होती. डोक्यावर भारा ठेवताना खाली घेतात ती कापडाची गुंडाळी, तीच चपटी करून दोन्ही बाजूंनी टाचलेली. "खांद्यानं उचलाल तर दुपारी रडाल," त्या म्हणाल्या. "कमरंनं उचला."

मग त्यांचं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं. ठाण्याहून आणलेले, कातडी, जाड तळव्याचे. मला त्यांचा फार अभिमान होता.

"किती दिस घातलं?"

"उद्या घालणार."

"मंग उद्या तुमी त्यांना न्हाय, ते तुमाला घालतील. जुनं घाला, भावोजी."

मी हसलो. त्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, महिनाभर घरात, अंगणात, बाजारात घालून मऊ केलेले. म्हटलं, "वयनी, ह्या पोरांच्या पीटीच्या बुटांनी हरिश्चंद्र चढणार?" त्या म्हणाल्या, "पीटीच तर करायचीय."

रतनवाडीला सॅक पाठीवर चढवल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी पुढं." मी म्हटलं, वाट मला कुठे ठाऊक. "वाट इक्बालभाई मागून सांगतील. पुढं तो जायचा जो सगल्यात हलू. बाकीच्यांनी त्याच्या पायानं चालायचं, म्हंजे कोन सुटत न्हाय." मला ते झोंबलं. इक्बालभाईंनी पाठीवर हात ठेवला. "इज्जत की जगह है, रघुभाई. इमाम भी आगे ही खड़ा होता है." दोघंही हसले. मी हसलो नाही.

आणि मी वेगात निघालो. दाखवायचं होतं ना. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "भावोजी, बोला."

"काय बोलू?"

"कायबी. बोलता येईल इतकंच चालायचं. बोलनं तुटलं का समजायचं, जास्ती झालं. तुमी गप ऱ्हायलाव तर मना कलनार कसं, दमलाव का न्हाय ते?"

"हं."

"हं चालत न्हाय. हं म्हैस पन करते."

त्या स्वतः मात्र अखंड बोलत होत्या. माहेरच्या म्हशीबद्दल, आईनं मोडलेल्या एका लग्नाबद्दल, कुठल्या डोंगराचं नाक कुठल्या सासूसारखं दिसतं त्याबद्दल. आवाजात कुठे धाप नाही. पहिला तास त्या मागून मला इतकं सावकाश चालवत की लाज वाटावी, आणि संध्याकाळी, आम्ही दोघं पुरुष जिथे दिसेल तिथे बूड टेकत असताना, त्यांचा वेग सकाळचाच असायचा. भूक लागायच्या आधी खजूर हातावर यायचा, तहान लागायच्या आधी पाणी. विसावा म्हणजे सॅक उतरवायची नाही, एखाद्या दगडाला तिचा भार टेकवून उभ्यानं घ्यायचा, लहानसा, आणि निघायचं. उतारावर पावलं अर्धी, गुडघे सैल. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. सगळ्यात शेवटी खायच्या आणि सगळ्यात आधी उठायच्या. इक्बालभाई मला म्हणाले, "पच्चीस साल से मशीन देख रहा हूँ, ऐसी एक चाल की मशीन नहीं देखी." मागून लगेच उत्तर आलं, "मशीनला संध्याकाली सैपाक करावा लागत न्हाय, इक्बालभाई."

रतनगडाच्या उतारावरच माझी उजवी टाच जळायला लागली होती. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत पट्टी लावली असती, दुसरे मोजे चढवले असते. पण त्यांच्या बुटांबद्दल मी जे बोललो होतो ते सारखं आठवत होतं. मागून "बोला, भावोजी" आलं की मी काहीतरी फेकायचो, हवा बरी आहे, डोंगर मोठा आहे. खिंड उतरून कुमशेतला पोचलो तेव्हा मोजा टाचेला चिकटला होता, ओला आणि काळपट. मी तो काढलाच नाही. थंडीचं निमित्त करून बूट घालूनच झोपलो.

पाचनईच्या सकाळी ते उघडं पडलं. पाय सुजून बुटात असा आवळला होता की उभं राहताना मी ओरडलो. वहिनी चुलीपुढून उठून आल्या, बूट काढला, मोजा कोमट पाण्यानं भिजवून सोडवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या टाचेकडे बघत म्हणाल्या, "दोन दिस ह्येच्यावर चाललाव... आन् हवा बरी हाय म्हनत व्हतं." एवढंच. मिठाच्या पाण्यानं धुतलं, स्वच्छ कापड बांधलं, आणि इक्बालभाईंचा चाकू घेऊन माझ्या त्या नव्या बुटाची मागची कड त्यांनी गोल कापून टाकली. मग विचारलं, "हितनं गाडीवाट हाय. जीप बघायची का? खरं सांगा."

खरं सांगायची ती दुसरी संधी होती. मी म्हटलं, "चालेन की." दादा काय म्हणेल हेच डोक्यात होतं. नाजूक जीपनं परत आला.

गडावर पोचेपर्यंत अंगात ताप भरला. एक दिवस गुहेत पडून काढावा लागला. घरी पोचायचा दिवस तिथेच टळला. मोबाइल तेव्हा खिशात यायला लागले होते, पण डोंगरात त्यांचा उपयोग घड्याळापुरताच. दुसऱ्या सकाळी सामाईक भांडी आणि शिधा स्वतःच्या पाठीवर घेऊन इक्बालभाई झपाझप पुढे उतरले, रस्त्यावरून फोन करून दादाला गाडी घेऊन बोलवायला. मागे राहिलो मी आणि वहिनी, आणि दोघांच्या सॅक.

आता जे सांगतो ते वहिनी होत्या तोवर तिघांनाच माहीत होतं. वहिनींनी माझ्या हातात काठी दिली, पाठ मोकळी ठेवली, आणि "पुढं" म्हणाल्या. आपली सॅक घेऊन माझ्या मागून एका टप्प्यापर्यंत यायच्या, ती दगडाला टेकवून ठेवायच्या, मला "बसा हितं" म्हणायच्या आणि वर परत जायच्या. माझी सॅक घेऊन उतरायच्या. मग पुढचा टप्पा. भाताचे भारे घरात एकाच बाईनं आणायचे असले की असंच आणतात, म्हणाल्या, एक पुढं ठेवायचा, मागचा आणायचा, नजरेआड कुठलाच होऊ द्यायचा नाही. टोलारखिंडीच्या वरचा खडकाचा उभा टप्पासुद्धा त्या असाच उतरल्या, चढल्या, परत उतरल्या. मी गड एकदा उतरलो. त्या दोनदा उतरल्या आणि मधला सगळा चढ परत चढल्या, साखरेचा आजार असलेली बाई, पाळीपाळीनं दोन्ही ओझी घेऊन, आणि तेवढ्यातही मला म्हणत होत्या, "बोला, भावोजी. तुमचा आवाज आला का मना वर कलतं, तुमी हाव." मी बोललो. त्या दिवशी मी खूप बोललो. लहानपणीचं, खाडीचं, दादाच्या हसण्याचं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, त्या वळणावर दिसेनाशा झाल्या की मोठ्यानं.

रस्त्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वहिनींनी दुसरी सॅकही आणून खाली ठेवली, मैलाच्या दगडाला पाठ लावली आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. केस सुटलेले, तोंड उघडं, पाय पसरलेले. इक्बालभाई फोनच्या टपरीकडेच थांबले होते; फोनवर त्यांनी गाडी घेऊन या, एवढंच सांगितलं होतं. मी टप्प्याटप्प्यावर विश्रांती घेत आलेलो, काठीवर रेलून उभा होतो. तेवढ्यात दादाची गाडी आली. दादा उतरला, वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. पण या वेळी ते माझ्यावर नव्हतं.

"काय रं, उचलून आनलीस का काय हिला?"

मी हसलो.

फक्त हसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही. दादानं पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे रघ्या." जन्मात पहिल्यांदा. त्या थापेची ऊब मला आजही आठवते, आणि म्हणूनच तिची लाज वाटते... पायाचं दुसऱ्या दिवशी घरात कळलं, पण तेही माझ्याच खात्यात जमा झालं. बघा, पाय फुटला तरी वहिनीला उतरवून आणली.

त्या आठवड्यात जेवताना दादा म्हणाला, "झाली हौस. हिमालय-बिमालय आता बास." रागानं नाही, काळजीनं म्हणाला. वहिनी वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, जसं वाटेत "बोला, भावोजी" म्हणून उत्तराची वाट बघायच्या. मी भात कालवत होतो. त्या पुढच्या पानाकडे सरकल्या.

इक्बालभाईंनी मला कारखान्यावर बोलावून विचारलं, "रघुभाई, आप बोलोगे, या मैं बोलूँ?" मी म्हटलं, बोलतो. बोललो नाही. मग ते वहिनींकडे गेले, तर त्यांनीच हात जोडून थांबवलं, "घरातलं घरातल्यानं बोलावं, इक्बालभाई. भावोजी बोलतील." मेमध्ये मंडळ निघालं तेव्हा इक्बालभाईंच्या सॅकचा पट्टा उसवलेला होता, म्हणून वहिनींनी आपली निळी सॅक त्यांना दिली. आदल्या दिवशी स्वतः भरूनही दिली, जड मध्यावर, पाठीला चिकटून. त्यांची सॅक हिमालयात गेली. परत आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. वहिनींनी ती रिकामी करून उलटी केली, आणि धुवायला टाकायच्या आधी तोंड आत घालून वास घेतला. "धुराचा येतो," म्हणाल्या, "आन् कसल्या तरी झाडाचा." मग ती धुतलीच नाही. तशीच माजघरातल्या खुंटीला अडकवली.

गोष्ट मात्र वाढत गेली. लग्नाकार्यात कुणीतरी काढायचंच, रघ्यानं वयनीला हरिश्चंद्रावरनं पाठंवर आनली. वहिनीही हसायच्या, "आनली बाबा, आनली." त्यांच्या हसण्यात कुठेही काटा नसायचा, आणि मला तेच सहन होत नसे. एका दिवसाच्या चालण्याला दादाची ना नव्हती, तेवढ्यात त्यांनी काय काय केलं. गावातल्या बायका गोळा केल्या, कुणी गुडघ्याची, कुणी साखरेची, कुणी नुसतीच घराला कंटाळलेली. सगळ्यांना बूट घ्यायला लावले आणि महिनाभर घरात घालायला लावले. सुनांना सासूच्या मागे चालवलं, कारण सासू हळू. चालताना बोलायची सक्ती असल्यामुळे राहनाळमधली निम्मी भांडणं त्या बांधावरच मिटली, असं दादाच म्हणायचा. माहुलीच्या पायथ्याशी पहिल्यांदा पोचल्यावर एक बाई रडली होती, लग्नानंतर प्रथमच माहेर सोडून दुसरीकडे कुठे आले म्हणून. वहिनींनी तिला हिमालयाबद्दल कधी सांगितलं नसणार. स्वतःचं राहिलेलं दुसऱ्याच्या पाठीवर त्या ठेवत नसत.

मला त्यांनी एकदाच विचारलं. तीन-चार वर्षांनी, बांधावर, आम्ही दोघंच होतो. "भावोजी, त्या दिशी गाडीपाशी... बोलायला किती येल लागला असता?" मी खाडीकडे बघत राहिलो. त्यांनी वाट बघितली, बरीच बघितली, मग उठल्या. "बरं, ऱ्हाऊ द्या. चला. पुढं व्हा."

त्यांच्या दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. काल्हेरचे आमचे मामा डोळे पुसता पुसता म्हणाले, "काय बाय व्हती... आन् आठवतं का, रघ्यानं हरिश्चंद्रावरनं पाठंवर आनली ती?" आणि त्या दुःखातही सगळे हसले, प्रेमानं हसले. दारापाशी इक्बालभाई बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला एकदम वाटलं, आता मी गप्प बसलो तर ही बाई कायमची मैलाच्या दगडापाशी तशीच पडून राहील, तोंड उघडं, केस सुटलेले.

मी बोललो. बसल्या जागेवरून, सगळ्यांसमोर. टाचेपासून थापेपर्यंत. मध्ये आवाज तुटला तर थांबलो, पुन्हा बोललो. दादा उठून आत गेला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी दादानं मला माजघरात हाक मारली. खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, "काढ." काढली. "भर. तिनं शिकवलंन ना तुला? तशी भर." मी अंथरूण तळाशी घातलं. तांदूळ, डाळ, पातेलं आणलं, मध्यावर बसवलं, पाठीला चिकटवून. दादा बघत होता. "तुजी कुठं हाय?" माझी माळ्यावर होती, धूळ खात. "ती बी भर."

मग साठीला आलेला माझा भाऊ वाकला, निळी सॅक पाठीवर चढवली आणि तिचा पट्टा कमरेला आवळला. चुंबळ बरोबर हाडांवर बसली. तो अंगणात उतरला, गोदामाच्या फाटकापर्यंत गेला. सॅक तिथे भिंतीला टेकवली, परत आला, माझी उचलली, तीही फाटकाशी नेली. मग तिथल्या कठड्यावर बसला. त्याला धाप लागली होती. सपाट अंगण होतं ते.

"असा गड उतारलीन ती?"

"हो."

"तवा कंला न्हाय बोल्लास, रघ्या?"

"तू शाब्बास म्हणालास म्हणून."

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. निळ्या सॅकच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिला. थोड्या वेळानं उठला, ती उचलून आत नेली आणि भरलेलीच खुंटीला टांगली. ती अजून तशीच आहे. कुणी रिकामी करत नाही. मधून तांदूळ बदलावे लागतात, ते दादा बदलतो.

आता सकाळी आम्ही दोघं बांधावर जातो. दादा हळू चालतो, म्हणून तो पुढे, मी मागे. तो बोलत नाही, एका शब्दात काम उरकायची सवय साठ वर्षांची. भेंडीचं झाड जवळ आलं की त्याची पावलं जड होतात, आणि मागून मला कळत नाही, दमला की आणखी काही.

"दादा, बोल," मी म्हणतो.

"काय बोलू?"

"कायबी."

परवा तो झाडापाशी थांबला. सॅक नसतानाही बुंध्याला पाठ टेकून उभा राहिला, विसाव्याला. मग म्हणाला, "तिला थंडी लय वाजायची. हितल्या थंडीत दोन गोधड्या घ्यायची. तितं बर्फात काय केलं असतंन रं?"

मी विचार केला. म्हटलं, "सगळ्यांना पुढं घातलं असतं. आणि शेवटी एकटी मागून आली असती, बडबडत."

दादा हसला. मग चालायला लागला, आणि वळण संपेपर्यंत बोलत होता.